उठून गेलेल्या घरांचे वाटे

त्या दिवशी तलावातलं पाणी गुडघ्यावर आलं होतं. खाणीच्या माणसांनी तलाव उपसणारे पंप थांबवले आणि गावाला दुपारपर्यंत वेळ दिला. गावाने जाळी टाकली, मासे काढले, वाटे घातले. वाटे बाबांनी पुकारले. त्यानंतर त्या तलावात कोणी उतरलं नाही.

बाबांना जाऊन एक हिवाळा उलटला. तेव्हापासून मी हे लिहिते आहे, फार हळू. एखाद्या दिवशी दोन ओळी होतात, एखाद्या दिवशी खिडकीशी बसून राहते आणि वही मिटते. चंद्रपुरात माझ्या खिडकीतून पाणी दिसत नाही. औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात, आणि पहाटे त्यांचा धूर इतका संथ वर चढतो की अर्धवट झोपेत मला तो तलावावरचं धुकंच वाटतो. मग मी कूस बदलते आणि थोडा वेळ गावात असते.

आमचं गाव राजुऱ्याच्या पलीकडे होतं. आम्ही ढिवर. तलावात आणि नदीवर मासे धरणारे, पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत भाताच्या रोवणीला जाणारे. तलाव आठवताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी धुकंच येतं. उन्हाळाही असणारच, फुटलेला चिखल असणारच, पण माझ्या मनातल्या तलावावर कायम माघातली सकाळ आहे. धुक्यातून बाबांचा डोंगा येतो. आधी बांबूची काठी पाण्याला लागल्याचा आवाज, मग बाबांचा खोकला, आणि सगळ्यात शेवटी बाबा. डोंग्यात शिंगाड्यांची रास असते, काळीहिरवी, ओली. मी पाळीवर, तलावाच्या बांधावर, पुस्तक घेऊन बसलेली असते आणि पान उलटायला विसरते.

खाण एकदम आली नाही. लहानपणी तिचा फक्त भोंगा ऐकू यायचा, तोही वारा तिकडून असला तर. पुढे दुपारच्या सुरुंगाने फळीवरची भांडी हलायला लागली. नंतर तलावाच्या पश्चिमेला एक टेकडी उगवली. कोळशावरची माती काढून काढून तिथे टाकत होते. सगळे तिला ओबी म्हणायचे. दरवर्षी ती उंच होत गेली, आणि आमच्या गावात सूर्य लवकर मावळायला लागला. सांजवात लावायची वेळ बायकांनी आपोआप अलीकडे घेतली.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. दरवर्षी फळ्यावर एक आकृती काढते. शेतीची रेघ खाली येते, उद्योगाची वर चढते, मग सेवांची. माणसं एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात सरकतात, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. आमच्या घरात ही आकृती एकाच पानात जेवायला बसायची. बाबा तलावावर, दादा खाणीत कंत्राटदाराच्या डंपरवर, आणि मी पगारदार. वर्गात ‘सरकतात’ हा शब्द उच्चारताना मला झोपेतलं मूल आठवतं, ज्याला आई हलकेच उचलून दुसऱ्या अंथरुणावर ठेवते.

ज्यांची शेती खाणीत गेली त्यांना मोबदला मिळाला, घरटी एकाला नोकरी मिळाली. तलाव कोणाच्याच नावावर नव्हता. त्यामुळे तलाव गेला तेव्हा कागदावर कोणाचंच काही गेलं नाही. ढिवरांना नव्या वसाहतीत घरापुरती जागा मिळाली, रस्त्याच्या कडेला, ओळीने. तिथून जवळच एक जुना, लहान तलाव होता. मासोळीच्या हापिसातल्या साहेबांनी बाबांना सांगितलं होतं की तुमची ढिवरांची सोसायटी तिथे येऊन राहिली आणि खरोखर मासे धरू लागली, तर तो तलाव तुम्हालाच मिळेल. पण चार घरांची सोसायटी चालत नाही, माणसं लागतात.

बाबांना एवढंच हवं होतं. गेलेला तलाव त्यांनी कधी परत मागितला नाही. नव्या तलावावर आपली घरं एकत्र यावीत, एवढंच. आणि घरं तर आधीच उठायला लागली होती. कोणी बल्लारपूरला खोली केली, कोणी राजुऱ्याला, कोणी मुलाच्या क्वार्टरात गेलं. भिंती पाडून छपराचे कवेलू आणि दारं नेली. गल्लीत मधे मधे दात पडल्यासारख्या जागा दिसायच्या.

आता वाट्यांची रीत सांगते, म्हणजे त्या दिवशी काय झालं ते कळेल.

तलाव सगळ्यांनी मिळून मारला, म्हणजे जाळी ओढून झाली, की मासे पाळीवर आणायचे आणि कमळाच्या पानांवर त्यांचे सारखे ढीग करायचे. ज्या घरात त्या दिवशी चूल पेटली त्या घराचा एक वाटा. मरळ सगळ्यांना पुरत नाही, कतला एकसारखे नसतात, म्हणून कितीही जपलं तरी एखादा वाटा उजवा होतोच. भांडण नको म्हणून गावातला एक जाणता माणूस वाट्यांकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून बसतो. दुसरा एक जण काठीने एकेका वाट्याला शिवतो आणि विचारतो, “हा कोनाचा?” पाठमोरा माणूस एका घराचं नाव घेतो. नाव म्हणजे माणसाचं नाही, घराचं. चिंचेखालचा, विहिरीजवळचा, मारुतीमागचा. पुकारलेला वाटा मग बदलत नाही. कुरकुर करायची नाही, आणि दुसऱ्याच्या नावाने पुकारलेल्याला हात लावायचा नाही. पुकारणारा स्वतःचं घर सगळ्यात शेवटी घेतो.

मला आठवतं तेव्हापासून पुकारायला बाबाच बसत. मी लहान असताना त्यांच्या समोर, पाण्याच्या बाजूला बसायची, कारण पुकारताना ते डोळे मिटायचे आणि मला ते बघायला आवडायचं. मिटलेल्या डोळ्यांनी ते गल्लीतून चालत यायचे. वेशीपासून सुरू करून, एकेका दारासमोरून, थेट तलावाकाठच्या आमच्या घरापर्यंत.

त्या दिवशीही मी समोर बसले. मी रजा काढून आले होते. फाल्गुन सरत आला होता आणि मोहाचा वास पाळीपर्यंत येत होता. काठी दादाच्या हातात होती. वाटे मोजून घातले होते, उरलेल्या घरांइतकेच.

दादाने पहिल्या वाट्याला काठी लावली. “हा कोनाचा?”

“चिंचेखालचा,” बाबा म्हणाले.

चिंचेखालचं घर दिवाळीआधीच राजुऱ्याला गेलं होतं. चिंचही नव्हती.

दादाने माझ्याकडे बघितलं. बायकांमध्ये थोडी हालचाल झाली. बाबांचे डोळे मिटलेले होते. दादाने काठी पुढे नेली.

“हा कोनाचा?”

“विहिरीजवळचा.”

तेही घर बल्लारपूरला होतं. पुढची नावं राहणाऱ्यांची निघाली, मग पुन्हा एक गेलेलं, मग पुन्हा राहणारी. बाबा गल्लीतून येत होते. पडलेल्या घरांसमोरही ते थांबत होते आणि नाव घेत होते. दादा त्यांना थांबवू शकला असता. नुसतं “बाबा” म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो काठी पुढे नेत राहिला आणि त्याचा आवाज बारीक होत गेला. मला ते सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं वाटत होतं. ओबीवर डंपर चढत होते, त्यांचे आरसे उन्हात चमकून विझत होते.

मग वाटे संपले. काठी टेकवायला काही राहिलं नाही, आणि बाबांच्या तोंडात अजून घरं होती.

“विचार ना बे,” बाबा डोळे न उघडता म्हणाले.

“काय विचारू? सरले.”

“सरले कसे?”

तेव्हा आत्या बोलली. बाबांची चुलतबहीण, आमच्या शेजारची, तोंडाने तिखट. “सरतीन नाई त काय! उठून गेलेल्यायले वाटून राह्यला तू. आमी इथी चिखलात कंबर मोडली, अन् मरळ चालली बल्लारपूरले!”

कोणीतरी हसलं. मागून एकाने भर घातली, “भाऊ, मागच्या साली मेला त्याचंबी नाव घ्या जी. त्याले मासोळी बम आवडे.”

“त्याचा वाटा त्याच्या पोराले गेला ना आत्ता,” दुसरा म्हणाला, आणि मग सगळेच हसले. आत्याही.

बाबा वळून बसले. पाळीवर वाटे मांडलेले होते, त्यातल्या काहींपाशी बायका उभ्या होत्या आणि काहींपाशी कोणीच नव्हतं. बाबा बराच वेळ त्या मोकळ्या वाट्यांकडे बघत राहिले. तलावाकाठच्या घरांना काहीच आलं नव्हतं. आत्याला नाही, आम्हाला नाही.

“पुन्हा पुकारू का?” दादाने हळूच विचारलं.

“आता कसा पुकारशीन?” उत्तर आत्यानेच दिलं. “पुकारलेला फिरते का कधी? घेऊन जा आता ज्याचे त्याले. ऊन चढून राह्यलं, मासोळी बसन का इथी वाट पाहत?”

एवढं बोलून ती मारुतीमागच्या सुनेकडे गेली आणि तिच्या वाट्यातले दोन मासे उसने मागून घेतले. उसने, कारण नेण्याचा हक्क नव्हता.

दादाच्या दोस्ताचा छोटा हत्ती टेम्पो होता. त्यात ओली पोती अंथरली आणि मोकळे वाटे जसेच्या तसे कमळाच्या पानांत बांधून ठेवले. बाबा पुढे दादाजवळ बसले. मी मागे, वाट्यांजवळ. वसाहतीच्या, राजुऱ्याच्या, बल्लारपूरच्या रस्त्याने ती दुपार अशी गेली की आता मला ती सलग आठवत नाही. सागाची निष्पर्ण झाडं मागे पळताना दिसतात. कोळशाच्या गाड्यांनी काळा केलेला रस्ता दिसतो, त्यावर पळसाची फुलं पडलेली. मी पानांवर पाणी शिंपडत होते. एका पानातली मरळ मधूनच हलायची, आणि मग सगळी गाडी जिवंत असल्यासारखी वाटायची.

आधी राजुरा. चिंचेखालच्याची बायको बस स्टँडजवळ तळलेल्या आलुपोंग्यांचा ठेला चालवत होती. आम्हाला बघून तिने कढईखालचा गॅस बारीक केला.

“अवो बाई! सारं घरच आलं जी!”

“तुमचा वाटा,” बाबा म्हणाले आणि पान पुढे केलं.

ती पानाकडे बघत राहिली. “आमचा? आमी कुठी होतो?”

“पुकारला गेला.”

तिने पदराला हात पुसून पान दोन्ही हातांत घेतलं. नंतर बाबांनी विचारलं, नव्या तलावाचं. तिकडे घर बांधता का, मी सोसायटीत नाव ठेवतो, माणसं लागतात. ती कढईकडे वळली. “भाऊ, धंदा आता कुठी बसला. पोट्ट्याइले इंग्रजी शाळेत टाकलं. तिथून रोज कसं येनं होईन?” मग जरा थांबून म्हणाली, “नाव ठेवा जी. नावाले काय होते.”

“नावानं नाई होत बाई. मासे धराव लागते.”

“त मंग नका ठेवू,” ती हळू म्हणाली, आणि आम्हाला पोंगे बांधून दिले.

गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा मी केबिनच्या मागच्या खिडकीतून विचारलं, “बाबा, तुम्ही मुद्दाम घेतली का ती नावं?”

“पाठ करून बसलो होतो ना पोरी. मांगचं काय दिसते?”

“पण ते गेलेत हे माहीत तर होतं.”

“माईत होतं.” गाडी खड्ड्यातून गेली, त्यांनी दाराची कडी धरली. “पन तोंडात जशी रांग आली तशी आली. मंधातलं घर सोडून पुढं कसं जाव, ते मले जमलंच नाई.”

डंपरवाल्याच्या सवयीने दादा आरशात बघत होता.

बल्लारपूर आलं ते आधी वासाने. कागद कारखान्यात बांबू शिजल्याचा तो वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे. बांबूच्या गाड्या गडचिरोलीकडून येतात, कागद होऊन कुठेकुठे जातात. माझ्या वर्गात भामरागडकडची एक मुलगी आहे. नदी चढली की तिचा रस्ता बंद होतो आणि ती सत्र सुरू झाल्यावर कितीतरी दिवसांनी उगवते. तिच्या बाकावर दोघींत मिळून एक पुस्तक असतं. पुस्तकाचा कागद कुठल्या झाडीतून आला असेल, तिच्याच गावामागच्या तर नसेल, असं मनात येतं आणि मी धडा पुढे नेते.

विहिरीजवळचा आता एका गेटवर गार्ड होता. नुकताच ड्युटीवरून आला होता, अंगात निळा शर्ट, पायांत अजून बूट. खोली स्टेशनमागे. बोलताना गाडी आली की सगळ्यांनी थांबायचं आणि गेली की तिथून पुढे बोलायचं, अशी त्या घराची सवय झाली होती. त्याच्या धाकट्या मुलीने पान उघडून बघितलं आणि नाक दाबलं. “काटे राह्यते,” ती म्हणाली. तिचा बाप हसला, पण त्याचे कान लाल झाले. त्यानेच मला पोहायला शिकवलं होतं.

“काका, मी येतो,” तो बाबांना म्हणाला. “बायको नाई म्हनीन, पन मी येतो. सुटीच्या दिवशी जाळं टाकीन.”

“सुटी कधी राह्यते?”

मधे एक मालगाडी आली. गाडी गेल्यावर तो बुटांच्या नाड्या सोडायला बसला आणि बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

शेवटचा वाटा कोपऱ्यातल्या घराचा, तिथल्या म्हातारीचा. तिच्या घरची थोडी शेती होती, म्हणून मुलाला खाणीत पक्की नोकरी लागली होती. त्याचं क्वार्टर नीटनेटकं होतं. फ्रिज, फरशी, कुंडीत तुळस. म्हातारी फरशीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती, एखाद्या डोंग्यात बसावं तशी. दिवस कलला होता. तिने पान उघडलं, एकेका माशाच्या पोटाखाली बोट घातलं आणि म्हणाली, “आपल्याच तलावाचे.” मग आमच्याकडे बघून विचारलं, “तुमी किती आनले घरी?”

बाबांनी कुंडीतल्या तुळशीकडे नजर वळवली. तिला काय समजलं कोण जाणे. ती उठली, सुनेला बाजूला केलं आणि स्वतः मासे कापायला बसली. राख मिळेना म्हणून पिठाने चोळले. जवस भाजून, वाटून, तिने गावातल्यासारखा रस्सा केला. आम्ही तिघं तिच्या वाट्यातलं जेवलो. बाबा सावकाश, काटे ताटाच्या कडेला एका ओळीत ठेवत जेवले. क्वार्टरच्या ट्यूबलाइटखाली ते फार लहान दिसत होते.

“मले ने तिकडं,” जेवण झाल्यावर म्हातारी म्हणाली. “मी येतो. जाळं नाई होत माह्यानं, पन पाळीवर बसीन.”

तिचा मुलगा दारात उभा होता. चांगला मुलगा आहे तो. “माय, तुह्या गोळ्या कोन देईन तिथी?” एवढंच तो म्हणाला.

बाबा परतीच्या वाटेत झोपले. दादाच्या खांद्यावर त्यांचं डोकं होतं, आणि तो एका हाताने गाडी चालवत होता.

वैशाखात नव्या वसाहतीत सोसायटीची सभा झाली. मासोळीच्या हापिसातले साहेब आले होते. बाबांनी नव्या तलावाच्या पाळीवर सतरंजी अंथरली. आत्या आली, मारुतीमागचे आले, आणखी दोनतीन घरं. विहिरीजवळचा आला, पण त्याला दुपारच्या ड्युटीला जायचं होतं, म्हणून तो सही करून निघाला. साहेब भला माणूस होता. तो दोनदा घड्याळ बघून मग म्हणाला, “भाऊ, एवढ्यावर मी काय लिहू?” बाबांनी रस्त्याकडे बघितलं. नंतर त्यांनी सतरंजी गोळा करायला घेतली, आणि दादाने दुसरं टोक धरलं.

तो तलाव बाहेरच्या एका ठेकेदाराला गेला. त्याची माणसं गाडी घेऊन येतात, जाळी ओढतात, बर्फाच्या पेट्या भरून जातात. बाबा काही दिवस लांबून बघायला जायचे. भादव्यात त्यांना ताप आला. मी त्यांना चंद्रपूरला आणलं. शेवटच्या दिवसांत ते डोळे मिटून असायचे आणि ओठ हलायचे. मी कान जवळ नेला, पण शब्द लागला नाही. मी त्यांच्या समोर बसून राहिले.

आता गावाच्या जागी खाण आहे. तलाव होता तिथून कोळसा निघतो. वसाहतीत आमची पाच घरं आहेत. आत्या नदीवरून आणलेले मासे रस्त्याच्या कडेला विकते. दादा डंपर चालवतो. मी शिकवते. सोसायटी बंद झाली आहे.